गिरण्या गेल्या, संस्था राहिल्या

१ मे १९६० रोजी महाराष्ट्राबरोबर गुजरात राज्य अस्तित्वात आले. मुंबई महाराष्ट्राकडे राहिली. गुजरातची आर्थिक मदार प्रामुख्याने अहमदाबादेवर आली.

या शहरात रणछोडलाल छोटालाल यांनी १८६१ साली पहिली कापडगिरणी सुरू केली. १९१८ साली मजुरीवरून संप झाला, गांधीजींनी उपोषण केले आणि तंटा लवादाकडे गेला. १९२० साली ‘मजूर महाजन’ स्थापन झाले. व्यापाऱ्यांच्या ‘महाजन’ या जुन्या नावाला मजुरांनीही आपलेसे केले.

१९८० नंतर मात्र एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि हजारो कुटुंबे उघड्यावर आली. बँकेच्या नोकरीत मीही एका बंद गिरणीच्या तारणाची पाहणी केली होती. कागदावर लाखांची असलेली यंत्रे भंगाराच्या भावाने गेली; कामगारांची देणी तशीच राहिली.

त्याच अहमदाबादेत जैन उद्योगपती कस्तुरभाई लालभाई यांनी सहकाऱ्यांसह १९३५ साली शिक्षणसंस्था उभारली. वस्त्रोद्योगाची संशोधनसंस्था ‘अटिरा’ आणि १९६१ची भारतीय व्यवस्थापन संस्था यांच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. या संस्था आजही नवी माणसे घडवीत आहेत.

दिवाळीला आपण चोपडीवर ‘शुभ-लाभ’ लिहितो. लाभाचा ताळेबंद दरवर्षी निघतो. शुभखाती आपण काय जमा केले, हेही यंदा घरातील मुलांना शेजारी बसवून पाहावे.