हळद वाळलीसुद्धा!

‘माय फादर वर्क्स हार्डली.’ मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीच्या वह्या तपासताना हे वाक्य हमखास भेटतं. पोराला सांगायचं असतं की बाप राब राब राबतो. वाचणाऱ्याला कळतं ते भलतंच: बाप कामाला जेमतेम हात लावतो.

पोरानं नियम पाळला म्हणून ही चूक होते. स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली, मग हार्डचं हार्डली. जुन्या इंग्रजीत क्रियाविशेषणाच्या शेवटी ‘ए’ लागत असे. तो कालांतरानं गळून पडला आणि हार्ड, फास्ट यांसारखे शब्द विशेषण आणि क्रियाविशेषण ही दोन्ही कामं त्याच रूपात करू लागले. हार्डलीचा अर्थही एके काळी ‘जोर लावून’ असाच होता. तो सरकत सरकत ‘जेमतेम’वर आला. लेट आणि लेटलीचंही तसंच: लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे अलीकडे. ही हकीकत वर्गात सांगायलाच हवी. नुसती ‘अपवाद’ म्हणून पाठ केलेली यादी परीक्षेपलीकडे टिकत नाही.

 

खरा गुंता मात्र स्टिल, येट आणि ऑलरेडी यांचा. शब्दार्थांच्या यादीत पहिल्या दोघांपुढे एकच शब्द असतो: अजून. तो सोडवायला पुस्तकापेक्षा हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतकडचं हळदीचं खळं बरं. हळद काढली की शिजवतात आणि मग उन्हात पसरतात. साधारण १०-१५ दिवस ती वाळते, मधूनमधून हलवावी लागते. कांडी मोडून पाहायची. कट्‌कन मोडली की वाळली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कांडी नुसती वाकते. ‘अजून ओली आहे’: द टर्मरिक इज स्टिल वेट. होतं ते चालूच आहे. ‘अजून वाळली नाही’: इट इजन्ट ड्राय येट. व्हायचंय, ते झालेलं नाही. खळं तेच, हळदही तीच. वाक्य होकारी की नकारी, एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं जास्त सुंदर आहे. मध्येच आभाळ आलं, पंधरवडा उलटला, तरी कांडी वाकतेच. आता बाप म्हणतो, ‘अजूनही वाळली नाही!’ इथे नकार असूनही इंग्रजीत स्टिल येतं: इट स्टिल इजन्ट ड्राय. येटमध्ये वाट पाहणं आहे, स्टिलमध्ये वैताग. मराठीत तो वैताग एवढ्याशा ‘ही’नं पेलला आहे.

आणि कडक उन्हात आठवड्यातच कांडी कट्‌कन मोडली तर? ‘वाळलीसुद्धा!’ हेच ऑलरेडी. मुलं त्याला ‘आधीच’ हा एकच प्रतिशब्द धरून बसतात आणि अडतात, कारण मराठी हे आश्चर्य बहुतेक वेळा ‘सुद्धा’ला किंवा ‘एवढ्यात’ला देते. प्रश्नातही तसंच. ‘इज इट ड्राय येट?’ म्हणजे साधी चौकशी, वाळली का? ‘इज इट ऑलरेडी ड्राय?’ म्हणजे, अगं बाई, एवढ्यात वाळली?

शब्दाला शब्द लावून शिकवण्याची सवय इथेच तोकडी पडते. मुलांच्या कानात हे सगळे फरक आधीपासून आहेत. ते ‘ही’, ‘च’, ‘सुद्धा’ अशा बारक्या अव्ययांत दडलेत इतकंच. ‘टू’ शिकवतानाही तीच वाट उपयोगी पडते. ‘लई गोड’ला मुलं सर्रास टू स्वीट म्हणतात. चहा लई गोड असेल आणि आवडीनं प्यायला जात असेल तर व्हेरी स्वीट. घोट घेऊन पेला खाली ठेवला तर टू स्वीट.