दोन दाण्यांचा हिशेब

सोयाबीनची टोकण करणाऱ्या एका सभासद बंधूंनीं मागील महिन्यांत आम्हांस असा प्रश्न केला कीं, पिशवीवरील चिठ्ठींत उगवण शेंकडा ७० लिहिली आहे. तेव्हां एका खड्ड्यांत दोन दाणे टाकिल्यास ती शेंकडा १४० झाली कीं नाहीं? प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. शंभर खड्ड्यांतून एकशें चाळीस खड्डे उगवत नसतात हें बंधूंस ठाऊक होतेंच. परंतु चूक कोठें होते तें त्यांस सांपडत नव्हतें. आमचें सारें आयुष्य महसूल खात्यांत बेरजा करण्यांत गेलें, त्यामुळें आमचाही हात प्रथम बेरजेकडेच वळला, हें कबूल करावयास आम्हांस लाज वाटत नाहीं.

असले प्रश्न ज्या गणितानें सुटतात त्यास संभाव्यतेचें गणित म्हणतात. इ. स. १६५४ सालीं फ्रान्स देशांतील पास्कल व फर्मा या दोन गणितज्ञांमध्यें जुगाराच्या डावांविषयीं जो पत्रव्यवहार झाला, त्यांतून या गणिताचा पाया पडला असें मानितात. उगम जुगारांत आहे म्हणून शेतकऱ्यानें संकोच धरण्याचें कारण नाहीं. व्यवहारी अपूर्णांकांचा गुणाकार ज्यास येतो त्यास हें गणित साधतें. सारख्याच शक्य अशा एकंदर गोष्टी किती व त्यांपैकीं आपणांस हव्या त्या किती, यांचा अपूर्णांक म्हणजे संभाव्यता. फांसा टाकिला असतां सहाचें दान पडण्याची संभाव्यता १/६, न पडण्याची ५/६. दोहोंची बेरीज नेहमीं १ भरते. ही बेरीज फार उपयोगी आहे, कारण पुष्कळदां सरळ वाटेनें न सुटणारा प्रश्न उलट वाटेनें चटकन सुटतो.

आतां खड्ड्याकडे वळूं. निदान एक दाणा उगवेल काय, हें विचारण्याऐवजीं एकही उगवणार नाहीं असें कितीदां होईल तें पाहावें. शंभर खड्डे घ्या. त्यांपैकीं ३० खड्ड्यांत पहिला दाणा वांया जाईल. या ३० खड्ड्यांत दुसरा दाणाही दहांत तीन वेळां वांया जाईल, म्हणजे ९ खड्डे रिकामे राहतील. हाच ३/१० गुणिले ३/१० चा गुणाकार. बाकी ९१ खड्ड्यांत निदान एक रोप दिसेल. त्यांतही भेद आहे: ४९ खड्ड्यांत दोन रोपें व ४२ खड्ड्यांत एकच. बंधूंची चूक येथें उघडी पडते. ज्या ४९ खड्ड्यांत दोन्ही दाणे उगवले ते त्यांनीं दोनदां मोजले. १४० मधून ४९ वजा केले कीं ९१ उरतात.

तीन दाणे टाकिल्यास रिकामे खड्डे हजारीं २७. दोन दाण्यांनीं ते हजारीं ९० होते. म्हणजे हजार दाणे अधिक खर्चून ६३ नांग्या वांचल्या. हा सौदा परवडतो कीं नाहीं तें बियाण्याचा भाव व नांग्या भरण्याची मजुरी पाहून ज्याचें त्यानें ठरवावें. आमच्या मतें बियाणें महाग असतां दोन दाणेच पुरेत.

परंतु हा गुणाकार एका अटीवर खरा आहे. एका दाण्याचें नशीब दुसऱ्याच्या नशिबाशीं बांधलेलें नसावें. पेरणीनंतर जोराची सर येऊन जमिनीवर खपली धरली, किंवा सखल भागांत पाणी तुंबलें, तर एका खड्ड्यांतील दोन्ही दाणे एकाच कारणानें मरतात. तेथें तीन दाणे काय नि पांच काय! अशा वर्षीं रिकामे खड्डे शेंकडा ९ च राहतील असें मानणारा मनुष्य गणित बरोबर करूनही फसतो.

चिठ्ठीवर विश्वास न ठेवतां पुष्कळ शेतकरी घरीं ओल्या गोणपाटांत दाणे गुंडाळून उगवण पाहतात, हें योग्यच आहे. मात्र कित्येक जण दहाच दाणे घालतात. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण नियमाप्रमाणें निदान शेंकडा ७० असावी लागते. पिशवी खरोखर तेवढ्या उगवणीची असली तरी दहा दाण्यांतून बरोबर सातच उगवण्याचा योग शंभरांत सुमारें २७ वेळां येतो; आणि पांच किंवा त्याहूनही कमी उगवण्याचा योग शंभरांत सुमारें १५ वेळां. म्हणजे दहा दाण्यांवरून दुकानदाराशीं भांडावयास जाणारा सात वेळांतून एकदां निरपराध्याशीं भांडेल. शंभर दाणे घातले असतां चांगल्या पिशवींतून ५० किंवा कमी दाणे उगवणें जवळजवळ अशक्यच. तेव्हां दहा दहांच्या ओळी करून शंभर दाणे मांडावे, आणि ते पिशवीच्या वरच्या, मधल्या व तळच्या अशा तिन्ही भागांतून घ्यावे. सोयाबीनची साल नाजूक असते, म्हणून दाणे हळुवार हाताळावे.

आतां पावसाविषयीं, कारण खरा धोका तेथेंच आहे. समजा, आपल्या गांवीं पांच वर्षांत एक वर्ष खोटें जातें. लागोपाठ तीन वर्षें खोटीं जाण्याची संभाव्यता १/१२५. हा आंकडा पाहून, दोन वर्षें बुडालेला शेतकरी म्हणतो, “आतां तिसरें खोटें जाणारच नाहीं,” आणि जमीन गहाण टाकून कर्ज काढितो. असे गहाणखताचे फेरफार आमच्या हातून अनेक लिहिले गेले. येथें विसर पडतो तो एवढाच कीं, १/१२५ हा आंकडा तिन्ही वर्षें पुढें असतांनाचा आहे. दोन वर्षें होऊन गेल्यावर उरतें एकच वर्ष, आणि त्याचा धोका पूर्वीइतकाच, पांचांत एक. मागील दोन वर्षांचें देणें आकाश लागत नाहीं.

२०१४ व २०१५ या दोन्ही सालीं देशांत पाऊस सरासरीहून अनुक्रमें सुमारें १२ व १४ टक्क्यांनीं कमी पडला आणि २०१६ सालीं बरा पडला, हें उदाहरण कोणी आमच्यासमोर ठेवील. परंतु आमच्या हिशेबानें कोणतेंही वर्ष पांचांत चार वेळां बरेंच जातें. त्याला मागील दोन वर्षांची साक्ष लागत नाहीं. उलट तीन वार्षिक हप्त्यांचें कर्ज काढणाऱ्यानें हें पाहावें कीं, तिन्ही वर्षें चांगलीं जाण्याची संभाव्यता ६४/१२५ आहे, म्हणजे एक तरी हप्ता खोट्या वर्षांत येण्याची ६१/१२५, जवळजवळ निम्मी. हप्ते पांच असल्यास तीच शेंकडा ६७ वर जाते.