समोरचा प्रोग्रॅम आपल्या घरातला नसतो

गावी फोन केला की नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला. 'अरे, तू तिकडे शिकवतोस म्हणे. कॉलेजात का?' कॉलेजात नाही. मी कनेक्टिकट राज्यात हार्टफर्डजवळ राहतो. विमा कंपन्यांचं शहर म्हणून हार्टफर्डची जुनी ओळख आहे. इथल्या आणि आसपासच्या कंपन्यांमध्ये जाऊन, वीस-पंचवीस वर्षं कोड लिहिलेल्या मंडळींना मी वेब सर्व्हिस बांधायला आणि वापरायला शिकवतो. पाच दिवसांचा वर्ग असतो. विद्यार्थी बहुतेक वेळा माझ्याहून वयाने मोठे.

वेब सर्व्हिस म्हणजे काय, हे मिरजेच्या माझ्या आईला मी असं सांगितलं. तू भाजीवाल्याला फोनवरून चाळीस रुपये देतेस ना? तेव्हा तुझ्या फोनमधला प्रोग्रॅम बँकेच्या प्रोग्रॅमला विचारतो, तो पुढे यूपीआयच्या यंत्रणेला विचारतो, ती भाजीवाल्याच्या बँकेला विचारते. २०१६ मध्ये सुरू झालेली ही सगळी यंत्रणा प्रोग्रॅमनी प्रोग्रॅमशी नेटवरून केलेल्या अशा प्रश्नोत्तरांवर चालते. मध्ये माणूस कुठेच नाही. अशी ठरलेल्या पद्धतीने प्रश्न घेऊन उत्तर देणारी खिडकी म्हणजे वेब सर्व्हिस. आई म्हणाली, 'म्हणजे पोस्टाची खिडकीच की.' बरंचसं तसंच.

आता ही खिडकी अनुभवी माणसांना का शिकवावी लागते? इथल्या जुन्या विमा कंपन्यांचा हिशेब आजही मोठ्या प्रमाणावर मेनफ्रेमवर आणि कोबॉल भाषेत चालतो. कोबॉल १९६० च्या आसपासची. ते प्रोग्रॅम बिनबोभाट चालतात, म्हणून कुणी त्यांना हात लावत नाही. पण ग्राहकाला आता पॉलिसी फोनवर बघायची असते. मग बहुतेक कंपन्या जुना प्रोग्रॅम आहे तिथेच ठेवतात आणि त्याच्यापुढे अशी एक खिडकी बांधतात. ती कुणी बांधायची? आतला हिशेब ज्यांना माहीत आहे त्यांनी बांधली, तर ती टिकते. आणि त्यांत आपली माणसं पुष्कळ आहेत. वाय-टू-के, म्हणजे सालाचे दोन आकडे बदलण्याच्या कामासाठी नव्वदीच्या दशकात भारतातून बरेच कोबॉल प्रोग्रॅमर इकडे आले, त्यांतले कितीतरी इथेच रुजले.

मागच्या वर्षी अशाच एका कंपनीत अठरा जणांचा वर्ग होता. त्यात एकतीस वर्षं त्याच इमारतीत काढलेले एक अमेरिकन गृहस्थ होते. मूळच्या सांगलीच्या, १९९८ मध्ये इकडे आलेल्या एक बाई होत्या. वर्गात इंग्रजी, पण जेवणाच्या सुट्टीत आम्ही मराठीत बोलायचो, म्हणून मी त्यांना ताई म्हणायला लागलो. शिवाय पुण्या-हैदराबादची, सहा-सात वर्षं अनुभवाची, एच-वन-बी व्हिसावरची दोन मुलं होती. वर्ग सुरू होण्याआधीच कंपनीच्या एका साहेबांनी मला सांगून ठेवलं, 'पाचव्या दिवशी प्रत्येकाच्या नावापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग लिहून द्या.' लाल म्हणजे काय, हे विचारायची गरज नव्हती. वर्गातल्यांनाही कुणकुण होतीच. पंचावन्नाव्या वर्षी नवी नोकरी शोधणं अवघड, आणि एच-वन-बीवाल्याची नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस. ज्यांच्या डोक्यात हे चाललंय त्यांना शिकवायचं होतं.

माझी पद्धत साधी आहे. आधी गिऱ्हाईक व्हा, मग दुकान काढा. पहिले दोन दिवस कुणी सर्व्हिस बांधायची नाही, फक्त दुसऱ्याची वापरायची. मी सरावासाठी एक सर्व्हिस तयार ठेवलेली आहे. ती मुद्दाम दुर्गुणी आहे. प्रत्येक उत्तराला दीडशे मिलिसेकंदांचा उशीर करते, मध्येच गप्प बसते, कधी 'सगळं ठीक' असा २०० चा शेरा मारून आत मात्र चुकीचा संदेश पाठवते. तासाभरात सगळ्यांचे प्रोग्रॅम चालतात आणि सगळे माझ्याकडे बघतात, की एवढंच? मग मी सांगतो, आता दोनशे पॉलिसी आणा. एकेक करून आणल्या की तीस सेकंद लागतात. घरातल्या घरात, म्हणजे एकाच यंत्रात, हेच काम डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं असतं.

दीडशे मिलिसेकंद हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे तार अगदी सरळ रेषेत टाकली तरी जाऊन-येऊन सव्वाशे मिलिसेकंद लागणारच, पैसे ओतून ते कमी होत नाहीत. म्हणून विचारणं कमी वेळा आणि एका वेळी भरपूर असावं लागतं. सन मायक्रोसिस्टीम्समधल्या पीटर डॉइच यांनी १९९४ मध्ये नेटवर्कबद्दलच्या भाबड्या समजुतींची एक यादी केली होती. नेटवर्क कधी दगा देत नाही, ही पहिली समजूत. निरोप पोचायला वेळ लागत नाही, ही दुसरी. ही यादी मी फळ्यावर लिहितो, पण दोनशे पॉलिसींसाठी तीस सेकंद ताटकळल्यानंतर. आधी लिहिली तर लोक माना डोलावतात आणि विसरतात.

दुसऱ्या दिवशी मी तार तोडतो. हप्ता भरण्याची विनंती गेली, उत्तर आलं नाही. आता काय करायचं? तरुण मुलांनी चटकन लिहिलं की उत्तर नाही आलं तर पुन्हा पाठव. चालवून बघितलं तर गिऱ्हाइकाचा हप्ता तीनदा कापला गेला. कारण विनंती पोचली होती, वाटेत हरवली होती ती पोचपावती. आपल्याकडे 'पैसे कापले गेले पण समोरच्याला मिळालेच नाहीत' हे ज्यांनी फोनवर अनुभवलं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

यावरचा उपाय मी मराठी मंडळींना असा सांगतो. भावाला निरोप दिला, 'आईच्या खात्यात दहा हजार टाक', आणि तोच निरोप चुकून दोनदा गेला, तर वीस हजार जातील. 'आईच्या खात्यातली शिल्लक दहा हजार कर' असा निरोप दहादा गेला तरी शिल्लक दहा हजारच राहील. वेबच्या नियमांत पोस्ट आणि पुट या दोन क्रियांमधला फरक साधारण असाच आहे. आणि 'टाक' असंच म्हणावं लागत असेल, तर निरोपावर एक क्रमांक घालायचा. त्या क्रमांकाचं काम आधीच झालं असेल तर पुन्हा करायचं नाही, फक्त जुनी पावती परत द्यायची.

एकतीस वर्षंवाले गृहस्थ तोवर गप्प होते. त्यांनी विचारलं, 'आणि रात्री दोन्हीकडचे हिशेब जुळवून कोण बघणार?' वर्गात शांतता. रात्रीची बॅच मध्येच बंद पडली तर ती कुठून पुन्हा सुरू करायची, कुठली नोंद दुबार झाली, हे त्यांनी आयुष्यभर केलेलं होतं. त्यांना फक्त नवीन शब्द माहीत नव्हते.

तिसऱ्या दिवशी खिडकीची भाषा येते. १९९८ मध्ये एक्सएमएलला मान्यता मिळाली आणि त्याच्या पाठोपाठ सोप नावाची पद्धत आली. नाव सोप असलं तरी प्रकरण सोपं नव्हतं, पण काटेकोर होतं. काय विचारता येईल, काय उत्तर मिळेल, याचा लेखी करार त्यात असायचा. २००० मध्ये रॉय फील्डिंग यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन इथल्या प्रबंधात रेस्ट ही मांडणी केली आणि हळूहळू तीच सगळीकडे पसरली. मी दोन्ही शिकवतो, कारण मोठ्या कंपन्यांत सोप अजून जागोजागी चालू आहे. रेस्टमधली एक गोष्ट जुन्या मंडळींना खटकते. सर्व्हर मागचं संभाषण लक्षात ठेवत नाही, प्रत्येक विनंतीत सगळी माहिती नव्याने द्यावी लागते. परदेशात राहणाऱ्याला ते समजावणं सोपं आहे. इथे कुठल्याही कस्टमर केअरला फोन लावा, दर वेळी नवीन माणूस आणि दर वेळी नाव, जन्मतारीख, खाते क्रमांक पहिल्यापासून. गावच्या वाण्यासारखं 'काय हो, नेहमीचंच ना?' इथे नाही. वैताग येतो, पण फायदाही आहे. कुठलाही मोकळा माणूस तुमचा फोन घेऊ शकतो. सर्व्हरचंही तसंच, एक बंद पडला तर दुसरा काम उचलतो.

मग सगळ्यांनी आपापली पहिली सर्व्हिस बांधली, आणि एकमेकांच्या सर्व्हिस वापरायला घेतल्या. इथे ताईंनी वर्ग जिंकला. तरुण मुलांपैकी एकाच्या सर्व्हिसमधून पत्ता येत होता, पिनकोड ६१०३. ताई म्हणाल्या, 'हा पिनकोड हार्टफर्डचा नाही.' कनेक्टिकटमधले पिनकोड शून्याने सुरू होतात, ०६१०३. त्या मुलाने पिनकोड हा आकडा समजून साठवला होता, त्यामुळे पुढचा शून्य उडाला. कोबॉलमध्ये दर रकान्याला तो अक्षरांचा की आकड्यांचा, हे आधीच लिहावं लागतं, म्हणून ताईंच्या नजरेला ते लगेच टोचलं. मग त्यांनी तारीख पकडली. ०४/०७ म्हणजे इथे सात एप्रिल आणि आपल्याकडे चार जुलै. साल, महिना, दिवस या क्रमाची आंतरराष्ट्रीय पद्धत वापरली की वाद मिटतो. शेवटी त्यांनी हप्त्याची रक्कम बघितली आणि जवळजवळ ओरडल्याच. पैसे साध्या दशांश प्रकारात ठेवले होते, जिथे ०.१ अधिक ०.२ याचं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. जेवताना मला म्हणाल्या, 'अहो सर, पैशाला असं कुणी हाताळतं का? आमच्याकडे पैसा न् पैसा जुळल्याशिवाय घरी जायचं नाही.' तो मुलगा शेजारीच बसला होता. तो त्यांना म्हणाला, 'काकू, मला ते तुमचं रकान्यांचं एकदा नीट दाखवाल का?' पुढचे दोन दिवस ती दोघं एकाच टेबलावर होती.

पण अनुभवी लोकांना सगळंच सोपं जातं असं नाही. त्यांची सगळ्यात मोठी अडचण चौथ्या दिवशी येते. मेनफ्रेमवर एखाद्या नोंदीचा आराखडा बदलायचा तर ती वापरणारे सगळे प्रोग्रॅम शोधता येतात, शनिवार-रविवारात एकदम बदलता येतात. सगळं एकाच घरातलं. वेब सर्व्हिस एकदा बाहेर दिली की ती कोण वापरतं याचा पूर्ण पत्ताच नसतो. नवीन रकाना जोडला तर सहसा चालतं, असलेला काढला किंवा त्याचा अर्थ बदलला तर कुठेतरी कुणाचं तरी काम बंद पडतं. त्या दिवशी ताईसुद्धा अडल्या. त्यांनी एका रकान्याचं नाव सुधारलं आणि खोलीतले सहा प्रोग्रॅम बंद पडले. 'पण हे नाव जास्त बरोबर आहे,' असं त्या म्हणत राहिल्या. बरोबर होतंच. पण समोरचा प्रोग्रॅम आपल्या घरातला नसतो, त्याला आपण हाक मारून सांगू शकत नाही. जुनी खिडकी चालू ठेवून शेजारी नवी उघडायची, लोकांना मुदत द्यायची, आणि जुनीकडे कुणी येईनासं झालं की मगच ती बंद करायची. सगळा ताबा आपल्याकडे असण्याची सवय सोडणं पंचवीस वर्षांनंतर जड जातं. नवीन भाषेचं व्याकरण त्या मानाने काहीच नाही.

पाचव्या दिवशी मी साहेबांना रंग दिले नाहीत. प्रत्येकाच्या नावापुढे दोन ओळी लिहिल्या, या व्यक्तीने काय पकडलं आणि तिला कुठे मदत लागेल. ताईंच्या नावापुढे पिनकोड, तारीख आणि पैसे. मदतीच्या रकान्यात आवृत्त्या सांभाळणं. साहेबांचा चेहरा फारसा खूश नव्हता. रंगांची बेरीज करता येते, अशा ओळींची येत नाही.

पुढे काय झालं ते ताईंकडून कळत गेलं. त्या आता हप्ता आकारणीच्या सर्व्हिसचं काम बघतात. एकतीस वर्षंवाल्यांनी स्वतःहून निवृत्ती घेतली. दोन तरुणांपैकी एकाचं काम गेलं, त्याला न्यू जर्सीत दुसरी नोकरी मिळेपर्यंत पाच आठवडे लागले. ताईंच्या टेबलावरच्या त्याला मात्र ठेवून घेतलं. माझ्या त्या दोन ओळींनी कुणाचं काय बदललं, हे कुणी मला सांगितलेलं नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी अशाच टेबलाशी बसलेलं असेल, तर एवढंच सांगतो. पुस्तक उघडण्याआधी एखादी खुली सर्व्हिस घ्या, हवामानाची चालेल, आणि तिच्याशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम लिहा. मग वाय-फाय बंद करा आणि तो काय करतो ते बघा. त्या क्षणी तुम्हाला जे प्रश्न पडतील ते लिहून काढा. वीस वर्षं हिशेब सांभाळलेल्या माणसाला ते प्रश्न आपोआप पडतात, आणि मुलाखतीत ते विचारायला लाजू नका. आणि घरच्यांनो, तुमचा मुलगा, सून किंवा मेहुणा या वयात पुन्हा वर्गात बसलाय असं कळलं, तर 'आता कशाला?' असं विचारू नका. आज काय मोडून बघितलं, हे विचारा. बघा, तासभर फोन ठेवणार नाही.