लंडन ते पुणे मोटारसायकलने : रस्त्याआधीचे गणित

नोकरीतून वर्षभराची रजा घ्यायची, लंडनहून मोटारसायकलने निघायचे आणि देशोदेशींच्या सीमा ओलांडत पुण्यात घरच्यांच्या दारी उतरायचे, असा बेत एखाद्या जोडप्याने आखला की पहिली चर्चा होते ती गाडीची. कोणते मॉडेल, किती सीसी, सामानाचे डबे कसले. प्रत्यक्षात मार्ग आणि कालावधी ठरतो तो वेगवेगळ्या मुदतींवर. गाडीच्या कागदपत्रांची एक मुदत असते, व्हिसाची दुसरी आणि परतल्यावर जेथे पुन्हा आयुष्य सुरू करायचे त्या देशातील निवासहक्काची तिसरी. या तिन्हींचा मेळ आधी बसवावा लागतो.

मार्ग कोणता उरला?

१९६० आणि १९७० च्या दशकांत युरोपातून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे दिल्लीपर्यंत प्रवासी बसगाड्या येत असत. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले आणि ती वहिवाट मोडली. त्यानंतरही इराण, बलुचिस्तान, लाहोर आणि वाघा असा मार्ग परदेशी प्रवाशांना खुला होता. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना मात्र पाकिस्तानचा व्हिसा मिळणे तेव्हाही दुरापास्तच होते. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने अटारीची तपासणी चौकी बंद केली.

उरतात दोन पर्याय. पहिला मध्य आशियातून चीन, तिबेट आणि नेपाळमार्गे. अझरबैजानने २०२० पासून आपल्या भू-सीमा प्रवाशांसाठी बंद ठेवल्यामुळे तेथे पोहोचण्यासाठी जॉर्जिया, रशिया, कझाकस्तान असा वळसा घ्यावा लागतो. चीनमध्ये परदेशी गाडी चालवायची तर सोबत अधिकृत मार्गदर्शक, तात्पुरता परवाना आणि तात्पुरती नंबरप्लेट हवी. हा खर्च मोठा असल्याने प्रवासी बहुधा गट करून तो वाटून घेतात. दुसरा पर्याय म्हणजे आखातापर्यंत रस्त्याने जाणे, तेथून गाडी जहाजाने न्हावाशेवा बंदरात पाठवणे आणि स्वतः विमानाने मुंबई गाठणे.

गाडीचा पासपोर्ट

भारतात परदेशी नोंदणीची गाडी तात्पुरती आणण्यासाठी ‘कार्नेट द पासाज’ हा दस्तऐवज लागतो. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. एक देशात शिरताना सीमाशुल्क अधिकारी ठेवून घेतात, दुसरा बाहेर पडताना, आणि तिसऱ्यावर दोन्ही वेळचे शिक्के घेऊन तो प्रवाशापाशी राहतो. गाडी त्या देशात विकली जाणार नाही, याची ती हमी असते. त्यासाठी अनामत रक्कम ठेवावी लागते किंवा विमा काढावा लागतो. बाहेर पडतानाचा शिक्का राहून गेला, तर आयातशुल्काची मागणी त्या हमीवर येऊ शकते.

कार्नेटची मुदत एक वर्षाची असते, पण भारतात त्यावर गाडी सहा महिनेच ठेवता येते. पावसाळा संपेपर्यंत गाडी घरी राहू द्यावी, असा विचार करणाऱ्यांनी हे आधी मोजावे. शिवाय ब्रिटनमध्ये नोंदलेली गाडी बारा महिने किंवा अधिक काळ देशाबाहेर न्यायची असेल, तर ती कायमची निर्यात मानली जाते आणि वाहन नोंदणी कार्यालयास तसे कळवावे लागते.

निवासहक्काची मुदत

सर्वांत महाग चूक येथे होऊ शकते. ब्रिटनमध्ये कुशल कामगार व्हिसावर राहून कायम निवासासाठी पात्र होऊ पाहणाऱ्यांना कोणत्याही बारा महिन्यांत १८० दिवसांहून अधिक काळ देशाबाहेर राहता येत नाही. एका वर्षाची भटकंती अनेक वर्षांची पुंजी पुसून टाकू शकते. मालकाने व्हिसाचे प्रायोजकत्व दिले असेल, तर दीर्घ बिनपगारी रजा मिळणेही अवघड होते. कायम निवासाचा हक्क मिळाल्यानंतरही सलग दोन वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास तो सामान्यतः संपुष्टात येतो. दोघांपैकी एकाकडे ब्रिटिश पासपोर्ट आणि दुसऱ्याकडे भारतीय असेल, तर प्रत्येक सीमेवरील नियम दोघांसाठी निरनिराळे तपासावे लागतात.

विम्याचेही तसेच. प्रवासविम्याच्या अनेक पॉलिसींमध्ये १२५ सीसीहून मोठी मोटारसायकल वगळलेली असते. ब्रिटनचे परराष्ट्र खाते ज्या देशात जाऊ नये असे सांगते, तेथे सर्वसाधारण विमा लागू होत नाही. इराण त्यांपैकी एक आहे.

एक गाडी की दोन?

बीएमडब्ल्यूची आर १२५० जीएस ॲडव्हेंचर ही लांब पल्ल्याची परिचित गाडी. तिचे इंधनासह वजन २६८ किलो, तर भारासह कमाल अनुज्ञेय वजन ४८५ किलो. म्हणजे माणसे, कपडे, डबे आणि सामान मिळून २१७ किलो. दोघांचे वजन १३५ किलो धरले, हेल्मेट, बूट व जाकिटांना २० किलो दिले, तर उरतात ६२ किलो. त्यातच रिकाम्या डब्यांचे वजन, तंबू, अवजारे आणि पाणी. दोन हलक्या गाड्या घेतल्यास भार विभागला जातो आणि एक बिघडली तरी दुसरीवरून मदत आणता येते. मात्र कार्नेट, विमा आणि जहाजभाडे दुप्पट होते, आणि दोघांकडेही त्या वर्गाचा पूर्ण परवाना असावा लागतो.

निघण्यापूर्वी आणखी एक प्रश्न दोघांनी बसून सोडवावा. आई-वडिलांच्या आजारपणाचा फोन कझाकस्तानात असताना आला, तर कोणी जायचे आणि गाडी कोठे ठेवायची? ज्या देशात ती शिरली, तेथे ती सोडून विमान पकडता येईलच असे नाही. काही देशांत त्यासाठी सीमाशुल्क खात्याची परवानगी लागते. मार्गावरील प्रत्येक देशाचा हा नियम आणि दोन विमानतिकिटांपुरती वेगळी ठेवलेली रक्कम, या दोन गोष्टी यादीत सामानाच्या डब्यांच्या आधी याव्यात.