भाड्याने देण्यासाठी घर घेताना

निवृत्तीच्या वेळी एकरकमी पैसे हाती आले, अथवा पगारातून नियमित शिल्लक पडू लागली, की मध्यमवर्गीय कुटुंबात एक विचार हमखास पुढे येतो : एखादी सदनिका घ्यावी आणि ती भाड्याने द्यावी. घर डोळ्यांना दिसते, किंमत वाढेल असा भरवसा वाटतो आणि दरमहा भाडेही मिळते. हा विचार गैर नाही. मात्र येणारे सर्व भाडे हे उत्पन्नच, या समजुतीने केलेला व्यवहार आयुष्यभराच्या पुंजीला जड जाऊ शकतो. म्हणून प्रथम हिशेब, मग घर, हा क्रम पाळणे इष्ट.

हाती नेमके किती उरते?

समजा, पुण्यासारख्या शहरात ५० लाख रुपयांची तयार सदनिका घेतली. मुद्रांक शुल्क ७ टक्के धरल्यास ३,५०,००० रुपये, नोंदणी शुल्क ३०,००० रुपये आणि दलाली व किरकोळ दुरुस्ती मिळून १,२०,००० रुपये, असा खर्च होतो. म्हणजे खरी गुंतवणूक ५५ लाख रुपयांची झाली.

या सदनिकेस दरमहा १५,००० रुपये भाडे मिळते असे धरू. वर्षाचे १,८०,००० रुपये झाले. आता वजावट पाहावी. दोन भाडेकरूंच्या मधल्या काळात घर एक महिना रिकामे राहिले, तर १५,००० रुपये. गृहनिर्माण संस्थेचे देखभाल शुल्क ३०,००० रुपये. मालमत्ता कर १०,००० रुपये. रंगरंगोटी, नळदुरुस्ती व दलाली १५,००० रुपये. एकूण ७०,००० रुपये वजा जाता १,१०,००० रुपये उरतात. ५५ लाखांवर हा परतावा वर्षाला अवघा २ टक्के होतो, आणि त्यावरील प्राप्तिकर अद्याप द्यावयाचाच आहे. ज्या निवृत्त गृहस्थाचा घरखर्च याच रकमेवर चालावयाचा आहे, त्याने हा आकडा मुदत ठेवीच्या व्याजाशी ताडून पाहावा. किंमतवाढ ही घर विकल्यावरच हाती येते. तिच्यावर दर महिन्याचा किराणा भरता येत नाही.

कर्ज काढून घेतल्यास

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांहून अधिक व ७५ लाखांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच देता येते, आणि या मूल्यात मुद्रांक व नोंदणी शुल्क धरले जात नाही. म्हणजे वरील उदाहरणात कर्ज अधिकाधिक ४० लाखांचे आणि स्वतःचे १५ लाख रुपये हवेत. ८.५ टक्के व्याजदर व २० वर्षांची मुदत धरल्यास मासिक हप्ता सुमारे ३४,७०० रुपये येतो. खर्च वजा जाता भाड्यातून महिन्याला सुमारे ९,२०० रुपये मिळतात. उरलेले २५,५०० रुपये पगारातूनच भरावे लागतात. ‘भाड्यातून हप्ता फिटेल’ हे गणित बहुधा येथेच चुकते. शिवाय घर रिकामे राहिले तरी हप्ता थांबत नाही. सहा हप्त्यांइतकी रक्कम बाजूला ठेवूनच कर्ज घ्यावे.

प्राप्तिकराच्या हिशेबात मिळालेल्या भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्ती वा दलालीची वेगळी वजावट नाही. कर्जावरील व्याज वजा करता येते. त्यामुळे तोटा दिसल्यास जुन्या करप्रणालीत वर्षाला २ लाख रुपयांपर्यंतचा तोटा पगारादी उत्पन्नातून वळता करता येतो. नव्या प्रणालीत ही सवलत नाही.

कागदपत्रांची शहानिशा

कर्ज घेणाऱ्याच्या बाबतीत बँकेचे वकील मालकीहक्काची तपासणी करतात. रोखीने घर घेणाऱ्यावर मात्र ही जबाबदारी स्वतःच येते, आणि नेमकी त्याच्याकडूनच ती टाळली जाते. वकिलामार्फत मागील ३० वर्षांचा शोध, आधीच्या खरेदीखतांची साखळी, सूची क्रमांक दोन, संस्थेचे भाग प्रमाणपत्र व थकबाकी नसल्याचा दाखला, तसेच महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. मालमत्ता अन्यत्र तारण नाही याचीही खात्री करावी. खरेदीची रक्कम ५० लाख वा त्याहून अधिक असल्यास विक्रेत्यास द्यावयाच्या रकमेतून १ टक्का करकपात करून ती सरकारकडे भरणे खरेदीदारास बंधनकारक आहे.

करारनामा : अकरा महिन्यांचा गैरसमज

नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने देशात अनेक ठिकाणी अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट उपयोगाची नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद उद्भवला, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे खरे मानले जाते. ते खोटे ठरविण्याचा भार मालकावर येतो. तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे.

उलट, नोंदणीकृत ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार असेल, तर मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ अन्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळू शकते. नोंदणीचा खर्च वाचविण्यासाठी लाखोंची मालमत्ता वादात ढकलणे शहाणपणाचे नव्हे. अन्य राज्यांत घर असल्यास तेथील कायदा स्थानिक वकिलाकडून समजून घ्यावा.

भाडेकरूशी व्यवहार

भाडे बँक खात्यातच घ्यावे. उभयतांकडे पुरावा राहतो. अनामत रक्कम परत करावयाची असते, म्हणून ती खर्च न करता मुदत ठेवीत गुंतवावी. ताबा देताना पंखे, दिवे, गीझर यांची यादी व वीजमीटरचा आकडा दोघांच्या सह्यांनिशी लिहून ठेवावा. संस्थेला करार कळवावा आणि पोलीस ठाण्यास भाडेकरूची माहिती द्यावी. संस्थेचे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असा महाराष्ट्र शासनाचा २००१ चा आदेश आहे, हेही लक्षात असू द्यावे.

घर घेण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावेत : सहा महिने भाडे आले नाही तर निभेल काय? अचानक आजारपण आले तर घराबाहेर पुरेशी रोकड आहे काय? आणि किंमत पाच वर्षे वाढलीच नाही तर चालेल काय? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तर भाड्याचे घर हा खरोखरच उतारवयाचा आधार ठरतो.