निळ्या दिव्याचे दशक

मायक्रोसॉफ्टच्या फर्मानानुसार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची मुदत भरली, आणि ज्या लॅपटॉपांचा प्रोसेसर किंवा सुरक्षेची चिप विंडोज ११ च्या नियमांत बसत नव्हती, ते सर्व धडधाकट असूनही निवृत्तांच्या यादीत जमा झाले. माझाही त्यांत एक होता. त्याच्या जागी आलेला नवा लॅपटॉप अंगाने सडपातळ, गतीने चपळ आणि किमतीने उन्मत्त आहे. परंतु ब्लूटूथ माऊस त्याला जोडून थोडा वेळ स्वस्थ बसावे, एखादे पान वाचावे आणि पुन्हा हात घालावा, तो पडद्यावरील बाण जागच्या जागी खिळलेला. याचे कारण विचारावे म्हटले, तर त्या कामी नेमलेला ‘ट्रबलशूटर’ नावाचा कारकून काही क्षण विचारमग्न झाल्याचा आविर्भाव करतो, ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारतो आणि अर्ज दप्तरी दाखल करून मोकळा होतो. दोष समोर दिसत असता तो नसल्याचा दाखला देणारी ही सभ्य बेपर्वाई पाहिली, की ज्या काळात दोष निदान आरडाओरडा तरी करीत असे त्या काळाची आठवण अनावर होते.

ब्लूटूथचा आरंभीचा इतिहास मी भराभर उरकतो, कारण तो प्रत्येक माहितीपुस्तिकेत त्याच त्या शब्दांत छापलेला असतो. स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास याप हार्टसेन आणि त्यांचे सहकारी यांनी वायरीविना जवळची साधने जोडण्याचे काम हाती घेतले. १९९८ साली एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा यांनी मिळून त्यासाठी मंडळ स्थापिले. कोणा डॅनिश राजाचे नाव त्याला मिळाले, त्या राजाची कथा मला कधीच रुचली नाही. आपल्याकडे मात्र एक गोष्ट नोंदवण्याजोगी घडली. २००५ च्या जानेवारीत निघालेल्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा लहरींचा पट्टा, शक्तीच्या ठरावीक मर्यादेत, परवान्याच्या जाचातून मोकळा केला. मोकळ्या जागेत गर्दी व्हायचीच. वायफाय, खेळणी आणि ब्लूटूथ सारी तेथेच नांदू लागली, मायक्रोवेव्ह भट्टीची गळतीही त्यांत मिसळली. ब्लूटूथने या गर्दीतून वाट काढण्यासाठी ७९ वाहिन्या पाडून सेकंदाला १६०० वेळा एकीवरून दुसरीवर उडी मारण्याची युक्ती योजिली होती, आणि २००३ च्या १.२ या आवृत्तीपासून गजबजलेल्या वाहिन्या टाळण्याचे शहाणपणही तिला आले होते. तक्रारींचे मूळ हवेत कमी आणि लॅपटॉपच्या पोटात अधिक होते, हे आम्हांला हळूहळू उमगले.

ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला आणि ब्लूटूथची सोय प्रणालीच्या अंगभूत झाली, तेथून पुढची दहा वर्षे ही माझ्या हिशेबी या विषयाचे खरे दशक. ही सोय अर्धवट होती. माऊस, कीबोर्ड आणि फाइली यांची तजवीज तीत होती. हेडफोनावर स्टिरिओ संगीत ऐकण्याची नव्हती. म्हणून लॅपटॉपला बाहेरून खोचायच्या प्रत्येक ब्लूटूथ डाँगलबरोबर एक सीडी यायची आणि त्या सीडीवर विडकॉम, तोशिबा किंवा आणखी कोणा कंपनीचे स्वतंत्र सॉफ्टवेअर असायचे, जे मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरशी सवतीमत्सराने वागे. एका डाँगलवर एकाच वेळी एकाचाच अंमल चालणार, हा तंत्राचा नियम मान्य. पण कोणाचा, हे ठरवताना ग्राहकाला विचारावे असे कोणालाच वाटले नाही. एका कंपनीचे सॉफ्टवेअर तर चाचणीची आवृत्ती म्हणून हाती पडे, थोडीशी माहिती इकडून तिकडे गेली की ‘मर्यादा संपली’ म्हणून हात वर करी, आणि ज्या डाँगलच्या खोक्यातून ते आले त्याच डाँगलचा परवाना ग्राहकाने निराळा विकत घ्यावा अशी वर मागणी करी. हा व्यवहार चोख दरोडेखोरीचा होता, आणि इतकी वर्षे लोटली तरी माझे मत तसूभरही बदललेले नाही.

आणि तरीही त्या दशकाविषयी मला ममत्व आहे, ते लॅमिंग्टन रोडमुळे. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेले असले तरी यंत्रांचे दुखणे घेऊन येणारा मनुष्य आजही लॅमिंग्टन रोडवरच जातो.) तेथे जिन्याखालच्या एका टपरीवजा दुकानात बसणारा दुरुस्तीवाला लॅपटॉप हाती घेताच प्रथम पडद्याकडे पाहतच नसे, समोरच्या कडेवरून अंगठा फिरवून तेथली ब्लूटूथ चालू-बंद करण्याची सरकती कळ चाचपून बघे. ती कळ पिशवीत घासून सरकलेली असली, की ती पूर्ववत करून, निळा दिवा लागल्याचे आपल्याला दाखवून, तो पैसे न घेता लॅपटॉप परत करी. दिवा लागूनही काम होत नसेल तर तो डिव्हाइस मॅनेजर उघडी, पिवळ्या उद्गारचिन्हाने डागाळलेली ओळ शोधी, ती अनइन्स्टॉल करी, डाँगल उपसून काढी आणि सीडी मागे.

‘साहेब, आधी सीडी, मग डाँगल. उलटं केलंत की एक्सपी स्वतःचा ड्रायव्हर घुसवतो, आणि मग दोघांत तुमचं मरण.’

डाँगल लावण्याचे छिद्र बदलले की एक्सपीला तो नवाच पाहुणा वाटतो आणि ड्रायव्हर पुन्हा मागितला जातो, हेही त्यानेच सांगितले. आणि स्वस्त डाँगलांच्या काही खेपांत प्रत्येक नगावर तोच तो ४८ बिटांचा पत्ता उमटवलेला असतो, हेही. साऱ्या चाळीला एकच खोली-क्रमांक दिल्यावर पोस्टमनाची जी गत व्हावी, ती असे दोन डाँगल एका कचेरीत आले की माऊसची होई. त्याचे ज्ञान पुस्तकी नव्हते. पण ज्याला कारण-परंपरा म्हणतात ती त्याच्या बोटांत होती, आणि ती तो गिऱ्हाइकापासून लपवीत नसे.

२००७ साली आलेल्या २.१ आवृत्तीने जोडणी सुलभ केली. तोवर ०००० किंवा १२३४ हा आकडा टंकावा लागे, आणि कीबोर्ड जोडायचा असेल तर जो अद्याप जोडलेलाच नाही त्याच कीबोर्डावर तो टंकून ‘एंटर’ दाबावे लागे, ज्यावर सुशिक्षित माणसांचा विश्वास बसत नसे. पुढे यूएसबी ३.० ची निळी छिद्रे आली आणि नवेच संकट ओढवले. इंटेलने २०१२ मध्ये एक टिपण प्रसिद्ध करून स्पष्ट केले, की यूएसबी ३.० च्या साधनांतून आणि केबलींतून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो आणि शेजारच्या डाँगलचे कान किटवतो. उपाय चार आण्यांचा होता: छोटी एक्स्टेन्शन केबल घेऊन डाँगल हातभर दूर न्यावा, किंवा त्याला यूएसबी २.० च्या छिद्रात हलवावे. पण मी ज्या सेवाकेंद्रात खेटे घालीत होतो तेथे हे टिपण पोचले नव्हते. त्यांनी माऊस बदलला, डाँगल बदलला, आणि डाँगलला खेटून लावलेल्या पोर्टेबल हार्ड डिस्ककडे अखेरपर्यंत कोणी ढुंकून पाहिले नाही.

त्याच २०१२ साली विंडोज ८ बरोबर ‘एअरप्लेन मोड’ पडद्यावर आला, आणि लॅपटॉपच्या कडेवरची कळ व तिचा दिवा एकेक मॉडेलातून अंतर्धान पावू लागले. या लहानशा लोपाबद्दल कोणी शोकप्रस्ताव मांडला नाही. मी तो आता मांडतो. कळ ही वस्तुस्थिती होती. पडद्यावरील चित्र हा केवळ दावा आहे. ब्लूटूथ ‘चालू’ असल्याचे चित्र दिसत असता रेडिओ झोपलेला असू शकतो, कारण वीज वाचवण्यासाठी त्याला झोपवण्याची मुभा प्रणालीने स्वतःकडे घेतलेली असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथच्या ओळीवर जाऊन ‘पॉवर मॅनेजमेंट’चे पान उघडावे आणि ती मुभा देणारी खूण काढून टाकावी, हा वर सांगितलेल्या खिळलेल्या बाणावरचा परंपरागत इलाज. माझ्या नव्या लॅपटॉपात ते पानच नाही. रोग ठेवून औषधाची बाटली तेवढी कपाटातून काढून नेली आहे.

२०१५ नंतरची वर्षे मला कंटाळवाणी वाटतात, तेव्हा त्यांना एका वाक्यात निरोप देतो: २०१६ साली आयफोन ७ ने हेडफोनचे भोक बुजवले, इतरांनी त्याचे अनुकरण केले, आणि जो तो बिनवायरी झाला. याची किंमत २०२० च्या टाळेबंदीत कळली. संगीत उत्तम ऐकवणारे हेडफोन सभेला बसताच टेलिफोनच्या बोगद्यातून बोलल्यासारखे ऐकवू लागत, आणि लोक कंपन्यांना शिव्या देत. खरे कारण असे, की जुन्या ब्लूटूथमध्ये संगीताचा मार्ग एकेरी आहे. मायक्रोफोन मागितला की लॅपटॉप ‘हँड्स-फ्री’ नावाच्या दुसऱ्या, फोनसाठी आखलेल्या मार्गावर जातो, तेथे आवाज एकपदरी आणि कृश असतो. ऐकण्यासाठी हेडफोन आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचाच मायक्रोफोन निवडला की हा त्रास तेथल्या तेथे मिटतो. इतकी साधी गोष्ट एखाद्या पट्टीवर छापून हेडफोनबरोबर द्यायला काय हरकत होती? त्याऐवजी खोक्यात निघते ते अनेक भाषांत ‘हे उत्पादन पाण्यात बुडवू नका’ असे बजावणारे पत्रक.

या दुखण्यावरचा कायमचा उतारा म्हणून २०२० च्या जानेवारीत ‘एलई ऑडिओ’ जाहीर झाला, आणि विंडोज ११ मध्ये तो आता आलाही आहे. मात्र त्यासाठी लॅपटॉपची चिप, तिचा ड्रायव्हर आणि हेडफोन या तिघांचीही संमती लागते, आणि या तिहेरी अटीचा उल्लेख मी पाहिलेल्या एकाही खोक्यावर नव्हता. तेथे ‘ब्लूटूथ ५.३’ असा आकडा तेवढा ठळक अक्षरांत मिरवत असतो, ज्यावरून ही सोय आहे की नाही हे मुळीच ठरत नाही. आणि मॉलमधल्या झगमगत्या दुकानात, जेथे जिन्याखाली बसणारा कोणी नाही, तेथल्या विक्रेत्याला विचारावे तर तो आदबीने म्हणतो, ‘नवं मॉडेल आहे सर, चालायलाच पाहिजे.’