सेवेचं परदेशी पॅकेज पारखताना

२०२४ मध्ये हिंगोलीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. नांदेडला विष्णुपुरीचं महाविद्यालय आधीपासून आहेच. त्यामुळे कुरुंद्यासारख्या गावातून एमबीबीएसला, नर्सिंगला गेलेली पोरं-पोरी आता नवलाची राहिली नाहीत. त्यांच्या मोबाईलवर एक जाहिरात हमखास येते: केनियात दोन आठवडे रुग्णसेवा, राहण्या-जेवणाची सोय, शेवटी प्रमाणपत्र आणि शनिवार-रविवार जंगल सफारी. फोटोत गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली एक विद्यार्थिनी, कडेवर तिथलं कुणाचं तरी मूल. पोरीने घरी विषय काढला की वडील वसमतच्या मोंढ्यातून आलेली हळदीची पट्टी पुन्हा एकदा उघडून बघतात.

पैशाचं नंतर बघू. आधी एक कसोटी लावावी. उद्या सकाळी कुरुंद्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन उभं राहिलं, तर तिथले डॉक्टर आपल्याला काय करू देतील? दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ओपीडीत बाजूला उभं राहून बघू देतील, बीपी मोजू देतील, लसीकरणाच्या दिवशी नोंदी लिहायला बसवतील. टाके घालू देणार नाहीत. बाळंतपणाच्या खोलीत त्या बाईला विचारल्याशिवाय पाऊल टाकू देणार नाहीत. गावही गप्प बसणार नाही. ‘हे पोरगं अजून शिकतंय नव्हं?’ असं एखादी आजी सगळ्यांदेखत विचारेल. जे इथं करता येत नाही ते केनियातल्या मोम्बासात करू देतो, असं सांगणारा कार्यक्रम तिथल्या रुग्णाची किंमत या आजीपेक्षा कमी धरतो. एवढं मनात पक्कं झालं की बऱ्याच जाहिराती आपोआप गळतात.

ही भीती हवेतली नाही. युगांडातल्या जिंजा शहरात वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका अमेरिकन तरुणीने कुपोषित मुलांसाठी केंद्र चालवलं. तिथे शंभरावर मुलं दगावली. २०१९ मध्ये दोन आयांनी एका स्थानिक संस्थेच्या मदतीने कोर्टात धाव घेतली. पुढच्या वर्षी, दोष मान्य न करता, तडजोड झाली. नुसता चांगला हेतू पुरत नाही.

आता बाजारात काय काय मिळतं ते बघू. सगळ्यात जास्त दिसतात त्या पैसे घेऊन जागा मिळवून देणाऱ्या कंपन्या. त्यांचा धंदा समजून घ्यावा: विद्यार्थी हे त्यांचं गिऱ्हाईक, रुग्ण नव्हे. जाहिरातीतल्या रकमेत बहुधा विमानभाडं, व्हिसा, विमा धरलेला नसतो. म्हणून लेखी विचारावं, की मी भरलेल्या पैशातून दवाखान्याला किती जातात आणि तुमच्याकडे किती राहतात. ज्यांना हिशेब द्यायचा असतो ते देतात. बाकीचे सिंहांचे फोटो पाठवतात. सिंह बघायला माझी ना नाही, पण मग सरळ पर्यटक म्हणून जावं.

दुसरा मार्ग विद्यार्थ्यांनीच उभा केलेला आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे आयएफएमएसए, १९५१ पासून आहे आणि त्याच्या अदलाबदलीत भारतातली विद्यार्थी संघटनाही भाग घेते. व्यवहार साटंलोटं: इथला एक विद्यार्थी तिकडे, तिकडचा एक इकडे. मुक्काम साधारण चार आठवड्यांचा, राहायची सोय आणि दिवसाचं निदान एक जेवण यजमानांकडे, विभागात देखरेखीला नेमलेला शिक्षक. फी असते, पण सेवेचा आव नसतो. शिकायला आलोय असं सरळ सांगायचं. हाच मला यातला सगळ्यात मोठा गुण वाटतो.

‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’मध्ये जायचं स्वप्न अनेकांना असतं. ती संस्था विद्यार्थ्यांना रुग्णसेवेला पाठवत नाही. त्यासाठी तिला पदवीनंतरचा अनुभव असलेले डॉक्टर आणि परिचारिका लागतात. यात नवं काही नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, ते मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून डॉक्टर होऊनच. त्या पथकात पाच जण होते, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही. पथक गेलं ते चिनी बाजूने मदत मागितली म्हणून: सेनापती झू द यांनी नेहरूंना पत्र लिहिलं आणि काँग्रेसने पैसे गोळा केले. बाकीचे यथावकाश परतले. सोलापूरचे कोटणीस चिनी भाषा शिकले, तिथेच राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरात बत्तिसाव्या वर्षी गेले. बोलावणं, पात्रता, भाषा, मुक्काम: कुठल्याही कार्यक्रमाला लावायची मापं या एका गोष्टीत मिळतात.

यजमानाच्या बाजूने चांगला कार्यक्रम कसा दिसतो हे बघायला परदेशात जायची गरज नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातलं जामखेड गाठावं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावागावातल्या बायकांना, त्यातल्या कितीतरी अक्षरओळख नसलेल्या, आरोग्याचं काम शिकवलं. पुढे तिथे देशोदेशीचे लोक अभ्यासक्रमाला येऊ लागले. फी भरून येतात आणि या बायकांकडून शिकतात: पाणी, जुलाब, बाळंतपण, गावातली जात. तिथे पाहुण्याच्या हाती सुई देत नाहीत. प्रकल्प त्याच्या येण्यावर अडलेला नसतो. तो गेल्यावर काम थांबतही नाही. आपण निवडलेल्या जागी हेच विचारावं: मी आलो नाही तर तुमचं काय अडेल? ‘काहीच नाही’ हे उत्तर चांगलं.

चौकशीचं पत्र छोटंच लिहावं. माझ्यावर देखरेख कोण करणार, त्यांचं नाव आणि तिथल्या वैद्यकीय परिषदेकडची नोंदणी काय? मी शिकत असलेल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तुमच्या देशात कायद्याने काय करता येतं? रुग्ण कोणती भाषा बोलतात आणि दुभाषा कोण? रुग्णाला मी विद्यार्थी आहे हे कोण सांगतं, आणि तो नको म्हणाला तर? उत्तरात ‘प्रत्यक्ष हाताळणीची भरपूर संधी’ एवढंच आलं तर पुढे पत्र लिहू नये. नाव आलं तर त्या डॉक्टरांना थेट मेल करून खात्री करावी. मागच्या वर्षी जाऊन आलेल्या दोघा-तिघांशी बोलावं, पण ते कंपनीने निवडून दिलेले नसावेत.

व्हिसाचं दुखणं वेगळं. बिनपगारी सेवा हीसुद्धा अनेक देशांत कामच समजली जाते. ‘टुरिस्ट व्हिसावर या, चालतं’ असं सांगणारा माणूस विमानतळावर आपल्या शेजारी उभा नसतो.

तब्येतीची तयारी मात्र सहा महिने आधी लागते, कारण हिपॅटायटिस बीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात. सुई टोचली तर काय, हेही आधीच विचारून ठेवावं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जमलं तर काही तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ती त्या दवाखान्यात आहेत की आपण बरोबर न्यायची? विम्यात आजारपणात मायदेशी आणण्याचा खर्च धरलाय का, ते बारीक अक्षरात वाचावं.

केनिया, युगांडा, घाना अशा देशांत जाताना पीतज्वराची लस मान्यताप्राप्त केंद्रावरच घ्यावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर लागू होतं. ते कुरुंद्यात राहिलं, किंवा परतताना दहा दिवस भरलेले नसले, तर आपलंच सरकार विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतं. तेवढे दिवस कॉलेजची हजेरी भरत नाही, आणि एमबीबीएसच्या परीक्षेला बसायला थिअरीत ७५ टक्के लागते.